भगरीवरचा बोल

कुरुंद्याच्या अलीकडं, दोन्ही अंगांनी हळदीची वावरं असलेल्या सडकेवर एक बेताचं गाव आहे. त्या गावात कुणाच्या घरी लग्न निघालं, जावळ निघालं, की पहिला निरोप जिवनबाईला जायचा. आचारी लावणारे आचारी लावत. पण पुरण किती शिजलं, खिरीत गूळ केव्हा घालायचा, वरणाला फोडणी कधी द्यायची, हे जिवनबाईनं येऊन पाहिल्याशिवाय घरधनिणीचा जीव भांड्यात पडत नसे. जिवनबाई पदर खोचून चुलाणापाशी बसायची, लहानथोर सगळ्यांवर ओरडायची, आणि पंगत उठली की स्वतः मात्र भाकरी-ठेचा खाऊन घरी जायची. नवरा सटवाजी मुलखाचा अबोल. बायकोचं कौतुक त्यानं जन्मात तोंडानं केलं नाही. पण दुसऱ्याच्या हातचं जेवून आला की घरी येऊन पुन्हा अर्धी भाकरी मागायचा. तिला तेवढं पुरत असे.

सटवाजी गेला तेव्हा एकुलता ओमप्रकाश कर्ता झाला होता. पोरगं कष्टाळू, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. एवढंच की, जरासं भित्रं. लहानपणी हातून दूध सांडलं तरी मांजरानं सांडलं म्हणून सांगायचं. जिवनबाई हसून सोडून द्यायची. लेकरू आहे, म्हणायची.

हळदीनं हात दिला तसं ओमप्रकाशनं जुन्या घराच्या पुढं, सडकेला लागून, स्लॅबचं घर बांधलं. फरशी, पांढरं छत, सरकत्या काचेच्या खिडक्या. जुनं घर मातीच्या भिंतींचं, वर टिनपत्रे. भिंत संपते आणि पत्रा सुरू होतो तिथं हात जाईल एवढी फट. त्या फटीतून थंडीत वारा झोंबायचा, उन्हाळ्यात धूळ यायची. नवं घर म्हणजे डबी. सडकेवरून ट्रॅक्टर गेला तरी आत कण येत नसे. सून निलम ह्या घरावर बेहद्द खूश होती. जिवनबाईला मात्र आत झोपलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं.

"ह्या घराला नाक न्हाई रे," ती म्हणायची.

"नाक कशाला पायजे, माय?" ओमप्रकाश हसायचा. "धुळीनं शिंकाया?"

मग तिनं आपली बाज ओसरीत टाकली. नात प्रतिक्षा दिवसभर तिच्याच मागं असायची, पण झोपायला आई-बापाजवळ, पंख्याखाली. अंगणवाडी संपवून शाळेत जायच्या बेताला आलेली पोर. बोलायला लागली की थांबायची नाही.

त्या वर्षी हळदीचा भाव पडला. ओमप्रकाशनं ठरवलं, थांबायचं. पॉलिश केलेल्या हळदीची पोती त्यानं नव्या घराच्या समोरच्या खोलीत, पाहुण्यांसाठी म्हणून बांधलेल्या हॉलमध्ये, छतापर्यंत रचली. जुन्या घराचे पत्रे गळत होते, तिथं माल भिजला असता. पण श्रावण लागला तशी पोत्यांमधून बारीक भुंगे निघायला लागले. ओमप्रकाश वसमतला गेला आणि किडीच्या गोळ्या घेऊन आला. त्यात नवल काहीच नव्हतं. जुन्या घरातही दरसाल हळदीत, हरभऱ्यात, गव्हात त्या गोळ्या घालत आले होते. त्यांतून वायू सुटतो आणि किडे मरतात, हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. लसणासारखा, कार्बाइडसारखा उग्र वास दोन दिवस यायचा आणि जायचा. जायचा कुठं, हे कुणी कधी पाहिलं नाही. पत्र्याखालच्या फटीतून इतकी वर्षं वारा तो उचलून नेत होता. नव्या घरात त्याला जायला वाट नव्हती.

गोळ्या घातल्या त्या दिवसापासून झड लागली. पाणी आत येतं म्हणून निलमनं सगळ्या खिडक्या ओढून घेतल्या. हॉल आणि झोपायची खोली यांच्यामध्ये एक दार होतं, खाली बोटभर फट. प्रतिक्षाची गादी त्या दाराला लागून.

सोमवार होता. जिवनबाईचा उपास. संध्याकाळी तिनं भगर शिजवली, शेंगदाण्याची आमटी केली. प्रतिक्षानं आजीच्या ताटातली निम्मी भगर खाल्ली, निलमनंही चार घास चाखले. ओमप्रकाशला उपास नव्हता, तो भाकरी जेवला. जेवताना एवढंच म्हणाला की, डोकं जड झालंय, लवकर पडतो.

उजाडलं तेव्हा पोर उलट्या करत होती. निलमलाही मळमळत होतं, पण ती उठून बसली. प्रतिक्षा काही बसेना. हातपाय गार, ओठ कोरडे, सारखी पाणी मागायची आणि प्यालेलं ओकून टाकायची. ओमप्रकाशचा चुलतभाऊ सोमेश्वर भाड्याची जीप चालवायचा. त्यानं जीप काढली. वसमतच्या डॉक्टरनं पोरीचे डोळे पाहिले, विचारलं, "काल काय खाल्लं?" निलम म्हणाली, "भगर." डॉक्टरनं मान हलवली. दर उपासाच्या हंगामात भगरीची विषबाधा झालेले चार-दोन तरी त्याच्याकडं येत. त्यानं सलाईन लावलं, आणि नाडी हाताला लागेना तेव्हा नांदेडला न्यायला सांगितलं.

दुपार कलायच्या आत प्रतिक्षानं नांदेडच्या दवाखान्यात जीव सोडला.

तिला परत आणलं तेव्हा सगळं गाव ओट्यावर होतं. जिवनबाई उंबऱ्यापाशी उभी. निलम जीपमधून उतरली, सासूकडं पाहिलं, आणि सगळ्यांसमोर किंचाळली, "काय घातलंत वं माझ्या लेकराच्या पोटात?"

"मीबी तीच खाल्ली की गं," एवढंच जिवनबाई पुन्हापुन्हा म्हणत राहिली. "मीबी तीच खाल्ली."

"म्हातारं हाड पचवून गेलं," गर्दीतून कुणी बाई बोलली. "लेकरू कवळं."

ओमप्रकाश पोरीला छातीशी धरून उभा होता. आई त्याच्याकडं पाहत होती. तो खाली पाहत होता.

पुढं वर्षभर जिवनबाईच्या हातचं कुणी खाल्लं नाही. लग्नं निघाली, जावळं निघाली, निरोप आला नाही. भगर पाकिटातली होती, डाळ-तांदळासारखी दुकानातून आणलेली. पण दुकानाला कुणी बोल लावला नाही. पाकीट जुनं असेल, म्हातारीनं उघडं ठेवलं असेल, पाल पडली असेल, एकेक जण एकेक सांगायचा. घरात निलम वेगळी चूल मांडल्यासारखी वागायची. सासूनं भरलेला पाण्याचा हंडा ती ओतून पुन्हा भरायची. जिवनबाईनं मग जुन्या घरात, गळक्या पत्र्याखाली, आपलं एकटीचं करून खायला सुरुवात केली. तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता. पीठ मळता मळता हात थांबायचा आणि ती तळव्यांकडं पाहत बसायची. आपल्याच हातून काही पडलं असेल का? डोळ्यांनी दिसत नाही आता नीट. असेलही.

दुसऱ्या वर्षी निलमला मुलगा झाला. माहेराहून ती बाळ घेऊन आली तेव्हा पुन्हा श्रावण होता आणि हॉल पुन्हा हळदीनं भरलेला होता. जिवनबाईला बाळाला आंघोळ घालायला मिळायचं नाही, पण निलम विहिरीकडं गेली की ती आत डोकावून पाळण्याकडं बघून यायची. अशीच एका दुपारी ती आत गेली आणि थबकली.

हॉलच्या दाराला चिकटपट्टी लावली होती. वरून खालून, चारी कडांनी, तपकिरी रुंद पट्टी. खालच्या फटीत ओलं फडकं कोंबलेलं. आणि तरीही खोलीत तो वास होता. अगदी थोडा.

ती तिथंच उभी राहिली. दार गेल्या वर्षीही होतं, गोळ्या गेल्या वर्षीही होत्या. मग पट्टी ह्याच वर्षी का?

पोती रचायला सोमेश्वर आला होता, हे तिला माहीत होतं. तो बाहेर जीप धूत होता. ती तडक त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"सोमेश्वर, ते दार काहून चिकटवलं रे?"

सोमेश्वरच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "वास आत येऊ न्हाई म्हणून, काकू."

"मागल्या साली काहून न्हाई चिकटवलं?"

जिवनबाईनं त्याचा दंड धरला. "माझ्या डोळ्यांत पाहून बोल."

सोमेश्वर मोठ्यानं रडायलाच लागला. रडत रडत जे बोलला ते असं: नांदेडच्या डॉक्टरनं प्रतिक्षाला तपासलं, तोंडाचा वास घेतला आणि ओमप्रकाशला बाजूला बोलावून विचारलं, "घरात धान्याला, हळदीला काही औषध लावलंय का? किडीच्या गोळ्या? मूल त्या खोलीत झोपलं होतं का?" सोमेश्वर तिथंच उभा होता. ओमप्रकाश म्हणाला, "न्हाई साहेब. औषध न्हाई. भगर खाल्ली तिनं." डॉक्टरनं पुन्हा विचारलं. ओमप्रकाश पुन्हा नाही म्हणाला.

"तवा पोरगी?" जिवनबाईनं विचारलं.

"जित्ती होती, काकू."

खरं सांगितलं असतं तर ती वाचली असती का, हे कुणालाच माहीत नाही. त्या वायूवर उतारा नसतो म्हणतात. वाचली नसतीही. पण जिवनबाईनं त्या घडीला हा विचार केला नाही. ती वळली, घरात गेली, पाळण्यातून बाळ उचललं आणि अंगणातल्या लिंबाखाली आणून सोमेश्वरच्या हातात दिलं. मग परत आत जाऊन एकेक खिडकी उघडत सुटली. खाचेत घट्ट अडकलेली एक काच तिनं वरवंट्यानं फोडली. तो आवाज ऐकून ओमप्रकाश मागच्या दारानं धावत आला.

"माय, काय करून राहिलीस?"

जिवनबाईनं दाराची पट्टी नखांनी उचकटली आणि फर्रकन ओढून काढली. "भगरीनं मेली ना ती? मंग ही पट्टी कशाला? भगर काय दाराखालून येती व्हय?"

ओमप्रकाश भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. "मला काय माहीत होतं, माय? जुन्या घरात आपण असंच करत होतो. कुणाला कधी शिंक आली न्हाई."

"डॉक्टरनं विचारलं तवा माहीत झालं का न्हाई?"

तो फरशीवरची फाटलेली पट्टी गोळा करू लागला.

"बोल की."

"तोंडातून 'न्हाई' निघून गेलं. म्हणलं, केस व्हईल, पोलीस येतील, म्याच मारली म्हणतील. अन् एकदा न्हाई म्हणल्यावर..." त्यानं हातानं तोंड झाकलं. "एकदा न्हाई म्हणल्यावर व्हय कसं म्हणावं?"

"अन् माझं नाव कवा सांगितलंस?"

"तुझं नाव म्या न्हाई घेतलं. शप्पत. लोकच म्हणून राहिले होते. म्या निस्तं काही बोललो न्हाई."

जिवनबाई त्याच्याकडं पाहत राहिली. हा तिचाच पोरगा, दूध सांडून मांजराचं नाव सांगणारा. फक्त ह्या वेळी त्यानं मांजराचंही नाव घेतलं नव्हतं. नुसता गप्प राहिला होता, आणि मांजर आपोआप घरात सापडलं होतं.

मागच्या दारात निलम उभी होती. डोक्यावर भरलेली घागर. किती वेळची उभी होती कोण जाणे. तिनं घागर खाली ठेवली, नवऱ्याकडं पाहिलं नाही, सासूकडं पाहिलं नाही, आणि लिंबाखाली जाऊन सोमेश्वरच्या हातातून बाळ घेतलं.

जिवनबाईला वाटलं होतं, आता ती येईल. पाया पडावं असंही नव्हतं. नुसतं "आत्याबाई, चुकलं माझं" एवढं जरी म्हणाली असती तरी चाललं असतं. दिवस मावळायच्या आधी निलम खरंच जुन्या घरात आली. चुलीपुढं बसली, राखेत काडीनं रेघा ओढल्या, आणि म्हणाली, "आत्याबाई, झालं ते झालं. गावात बोलू नका."

जिवनबाईला आपण काय ऐकतोय ते कळेना.

"ह्यांना नेतील. मी ह्या लेकराला घेऊन कुठं जाऊ? माहेरी भावजयीच्या दारात? तुमचं वय झालं. तुम्हाला लोक बोलून बोलून आता आणखी काय बोलणार हायेत?"

त्यात खोटं काही नव्हतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. जिवनबाई चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "न्हाई बोलत. पण एक. गोळी आणि पोतं त्या घराच्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई. हळद न्हाई, गहू न्हाई, काही न्हाई. खिडक्या उघड्या राहतील. धूळ येऊ दे, पाणी येऊ दे. ज्या दिवशी मला तो वास आला, त्या दिवशी मी पारावर जाऊन सगळ्यांदेखत बोलंन. मंग नेऊ दे कुणाला न्यायचं ते."

आपलं नाव असं तिनं घरातल्या हवेसाठी देऊन टाकलं.

सोमेश्वरनं ओळखीतल्या एका कृषी सहायकाला फोन लावून विचारलं. माणसं बाहेर काढा, दारं-खिडक्या सताड उघडा, चांगला वारा खेळल्याशिवाय आत जाऊ नका, आणि गोळ्यांची राख कोरडीच उचलून लांब वावरात पुरा, असं त्यानं सांगितलं. निलम बाळासह चार दिवस सोमेश्वरकडं राहिली. पोती निघाली. पाऊस उघडल्यावर ओमप्रकाशनं वावराच्या कडेला, वस्तीपासून दूर, हळदीसाठी पत्र्याचं शेड बांधलं. शब्द त्यानं पाळला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. हॉल रिकामा झाला. माहेराहून आल्यापासून ठणकणारं निलमचं डोकं थांबलं. बाळ बाळसं धरू लागलं.

पण गाव तेच होतं. स्लॅबची घरं वाढत होती, खिडक्या सरकत्या होत होत्या, आणि भाव चढेल म्हणून माल घरातच ठेवायची रीतही तीच. शेजारच्या पार्वतीबाईच्या घरी हरभऱ्याची थप्पी लागली आणि तिच्या मुलानं गोळ्या आणल्याचं जिवनबाईला कळलं. पार्वतीबाईची दोन नातवंडं त्याच खोलीत अभ्यास करायची, तिथंच झोपायची. जिवनबाईला राहवलं नाही. वर्षाचा अबोला मोडून ती त्यांच्या दारात गेली.

"पार्वतीबाई, लेकरांना त्या खोलीत निजवू नका. गोळीचा वारा वाईट. थप्पी बाहेर काढा."

पार्वतीबाई शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "का वं? आपल्या जन्मात काय पहिल्यांदा गोळ्या घालून राहिलो का?"

"एक लेकरू गेलं त्यानं."

"कुणाचं?"

जिवनबाईच्या ओठांवर नाव आलं. तिनं ते गिळलं. "हाय एकाचं. माझ्या माहेराकडं."

"कुण्या गावचं? कुणाची लेक? आम्ही कसं ऐकलं न्हाई?"

जिवनबाई स्वतःच्या नातीला परक्या गावचं लेकरू करून बसली होती, आणि तिला ना नाव देता येत होतं ना आई-बाप. पार्वतीबाईनं हातातली शेंग सुपात टाकली.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका. पण लेकरं कशी जपायची ते तुमी आम्हाला सांगू नका."

जिवनबाई उठली. अंगण ओलांडताना तिला वाटलं, परत फिरावं आणि ओरडून सांगावं. ती फिरली नाही. गावात एका सोमेश्वरनं तेवढ्या आपल्या घरातल्या गोळ्या आधीच काढल्या होत्या. पार्वतीबाईची नातवंडं त्या वर्षी वाचली. त्यांच्या खोलीचं एक तावदान फुटलेलं होतं, म्हणून असेल. पण त्यामुळं गोळीनं काही होत नाही, हे मात्र गावात पक्कं झालं.

मार्गशीर्षात बाळाचं उष्टावण केलं. निलमचं माहेर आलं, गावातल्या बायका आल्या. आदल्या दिवशी निलम जुन्या घरात येऊन म्हणाली, "आत्याबाई, खीर तुमीच करा. मला तशी जमत न्हाई." जिवनबाईला वाटलं, चला, एवढं तरी. पहाटे उठून तिनं गहू कांडले, दूध आटवलं, गूळ घातला. पातेलं तिनं स्वतः नेऊन दिलं, आणि निलमनं नको म्हणायच्या आधीच बाहेर येऊन लिंबाखाली बसली.

हॉलमध्ये पंगत बसली होती. मामानं बाळाच्या तोंडात पहिला घास घातला, बायका हसल्या. हॉलच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळं आतला शब्द न् शब्द बाहेर येत होता.

"खीर कुणी केली वं?" पार्वतीबाईचा आवाज.

वाट्या-चमच्यांचा आवाज थांबला.

"मीच केली," निलम म्हणाली.

"मंग वाढ," पार्वतीबाई म्हणाली. "चांगली झाली बरं का. सासूचा हात उचललास."

पुन्हा चमचे वाजू लागले. ओमप्रकाश पंगतीत वाढत होता. तो खिडकीपाशी आला, बाहेर बसलेल्या आईची नजर त्याच्या नजरेला भिडली, आणि तो खीर घेऊन पुढच्या पानाकडं वळला.